बारा सागरी मैलांचा कायदा: आस, लांबी आणि धक्क्यावरचा पंचनामा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत समुद्रातल्या मासेमारीचे दोन वाटे केले आहेत. राज्यसूचीतल्या नोंद २१ मध्ये मत्स्यव्यवसाय राज्याकडे दिला आहे, तर संघसूचीतल्या नोंद ५७ नुसार जलधी क्षेत्रापलीकडची मासेमारी केंद्राच्या हाती आहे. दोघांमधली रेष १२ सागरी मैलांवर येते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा हुकूम साधारण २२ किलोमीटरपर्यंत चालतो. तिथून २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचे अनन्य आर्थिक क्षेत्र. पापलेटला, बांगड्याला ही रेष ठाऊक नाही. कायदा मोडणाऱ्याला मात्र ती चांगलीच ठाऊक असते.

अकराव्या मैलावर जाळे मारायचे आणि धक्क्यावर सांगायचे की मासळी चौदाव्या मैलावरची आहे. गस्ती नौकेने जागेवर पकडले नसेल तर हे खोडून काढणे फार कठीण जाते. त्यात १२ मैल कुठून मोजायचे याचाही घोळ होतो. हे अंतर धक्क्यापासून किंवा वाळूच्या काठापासून मोजत नाहीत, ते आधाररेषेपासून, म्हणजे किनाऱ्याची हद्द म्हणून नकाशावर आखलेल्या रेषेपासून मोजतात. जिथे खाडीचे तोंड रुंद आहे किंवा समोर बेट आहे, तिथे बंदरापासूनचे अंतर आणि आधाररेषेपासूनचे अंतर यांत चांगलाच फरक पडतो. पंचनाम्यात ‘बंदरापासून अंदाजे अमुक मैल’ असे लिहिले की पुढे सुनावणीत पहिला घाव तिथेच बसतो. अक्षांश, रेखांश आणि वेळ, या तीन गोष्टी लिहा. अंतर नंतर नकाशावर कोणालाही काढता येते.

राज्याचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. त्या काळी भांडण सरळ होते: एकीकडे रापण, डोळ, वावरी अशा पारंपरिक जाळ्यांचे कोळी, दुसरीकडे ट्रॉल म्हणजे मागे ओढत न्यायचे जाळे वापरणाऱ्या नव्या नौका, ट्रॉलर. म्हणून कायद्याने मुख्यतः जागा वाटून दिल्या. किनाऱ्याच्या भागानुसार ५ किंवा १० वाव खोलीच्या आत यांत्रिक नौकेने ट्रॉल ओढायचा नाही. पाच वाव म्हणजे सुमारे ९ मीटर, दहा वाव म्हणजे १८ मीटर. हा नियम खोलीवर बांधला हे शहाणपणाचेच होते, कारण रात्रीच्या अंधारातही तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाला, खोली कळते.

दुबळी बाजू होती ती दंडाची. पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या पाचपट, असे जुने सूत्र होते. ऐकायला जबर वाटते. पण मासळी नाशवंत, तिचा लिलाव तिथेच करावा लागतो आणि त्या लिलावात बोली लागते ती आपसातली. किंमत पाडली की दंडही पडतो. शिवाय निवाडा करायचा तहसीलदारांनी, ज्यांच्या टेबलावर आधीच जमीन, दाखले आणि निवडणुका असतात. प्रकरणे तुंबायची आणि तोवर नौका दुसऱ्या खेपेला गेलेली असायची.

२०२१ मध्ये आधी अध्यादेश आणि मग सुधारणा अधिनियम आला, तेव्हा हे दोन्ही बदलले. निवाड्याचा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आला आणि दंड मासळीच्या किमतीपासून सोडवून ठरीव रकमांवर आणला. एलईडी दिवे किंवा बुल ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एक ट्रॉल ओढणे) याला ५ लाख ते २० लाख रुपये. पर्ससीन, रिंगसीन या मासळीभोवती वेढा घालायच्या जाळ्यांचे नियम मोडले तर १ लाख ते ६ लाख. परराज्यातल्या नौकेने आपल्या हद्दीत विनापरवाना जाळे टाकले तर २ लाख ते ६ लाख. ट्रॉलला कासव सुटका साधन नसेल किंवा मासा किमान लांबीपेक्षा लहान असेल तर १ लाख ते ५ लाख. माझ्या मते ४० वर्षांतली ही सर्वांत उपयोगी दुरुस्ती आहे. टोपलीत काय सापडले यापेक्षा नौकेने काय केले, याला आता दंड लागतो.

पण दंड कितीही मोठा असला तरी मोजमाप चुकले की प्रकरण कोसळते. म्हणून आसाकडे, म्हणजे जाळ्याच्या भोकाकडे, नीट पाहायला हवे.

ट्रॉलच्या खोळीला, म्हणजे मासळी साठते त्या शेवटच्या पिशवीला, ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा, हा नियम बहुतेकांना पाठ आहे. त्याचा अर्थ मात्र धक्क्यावर तीन प्रकारे लावला जातो. आसाचा आकार म्हणजे जाळे ताणल्यावर समोरासमोरच्या दोन गाठींमधले आतले अंतर. म्हणजे ४० मिमीच्या आसाची एक बाजू २० मिमी भरते. कोणी एका बाजूची लांबी मोजून ‘हा तर वीसचाच आहे’ म्हणतो, कोणी गाठीसकट बाहेरून मोजून ४० दाखवतो. दोन्ही चूक. जाळे ओले असताना, हाताने बेताचे ताणून, काठाजवळचे आस सोडून, खोळीच्या लांबीच्या दिशेने सलग वीस आस मोजावेत आणि सरासरी घ्यावी. एकच आस मोजून लिहिलेला आकडा टिकत नाही. गाठ सरकलेला एखादा आस प्रत्येक जाळ्यात असतो आणि समोरचा वकील नेमका तोच दाखवणार.

चौकोनीच का, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नेहमीचे जाळे पत्त्यांतल्या चौकटच्या, म्हणजे टोकावर उभ्या चौकोनाच्या आकाराच्या आसाचे असते. ट्रॉल ओढला जातो तेव्हा खोळीतल्या मासळीचे वजन जाळ्याला मागे खेचते, आस लांबीत ताणला जातो आणि रुंदीत मिटतो. कागदावर ४० मिमीचा असलेला आस पाण्यात फटीएवढा उरतो. चौकोनी आसात धाग्यांची एक जोडी ओढीच्या दिशेला समांतर असते. सगळा भार तीच घेते, आडवी जोडी मोकळी राहते आणि भोक उघडे राहते. लहान मासा त्यातून पोहत बाहेर पडतो. तोही वेळेवर, म्हणजे जाळे वर ओढायच्या आधी, जिवंत असताना.

कोळ्यांच्या दृष्टीने त्यात अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. साधे जाळे ४५ अंशांत फिरवून कापले तर गाठी सरकतात आणि दोन-चार खेपांत आस वाकडेतिकडे होतात. म्हणून खोळीसाठी बिनगाठीचे जाळे घ्यावे लागते. ते महाग पडते आणि फाटले तर समुद्रात शिवणे जिकिरीचे. मग पळवाटा निघतात. बाहेरून ४० मिमीची चौकोनी खोळ आणि आत बारीक आसाचे अस्तर. किंवा घासण्यापासून रक्षण म्हणून खाली बांधायचे जाडे जाळे संपूर्ण खोळीभोवती गुंडाळलेले. तपासणाऱ्याने खोळ उलटी करून आतून पाहिलीच पाहिजे आणि शेवटच्या गाठीपासून निदान दोन मीटर हात फिरवला पाहिजे.

डोळ जाळ्याची गोष्ट वेगळी आहे. डोळ ओढायची नसते. खुंटांना किंवा नांगरांना बांधलेली असते आणि भरती-ओहोटीचा ओढा मासळी तिच्यात आणतो. तिचा खोला, म्हणजे शेवटची पिशवी, बारीक आसाचा ठेवतात, कारण तिला जवळा, करंदी, मांदेली धरायची असते. जवळ्याला ४० मिमीचा आस लावला तर खोला रिकामाच वर येईल. त्याच ओढ्याबरोबर त्याच तोंडात पापलेटची पिल्ले शिरली तर तीही अडकतात. पापलेट उंच अंगाचे, बारीक आसातून ते कधीच निसटत नाही. इथे एकच आकडा सगळ्यांना लावणे अन्यायाचे होते आणि मोकळे सोडणे नासाडीचे. मला पटणारा मार्ग हंगामाचा आहे: पिल्लांचा लोंढा दिसेल त्या भरतीच्या दिवसांत त्या भागातल्या डोळी गावाने मिळून काढून ठेवाव्यात. मच्छीमार सहकारी संस्था जिथे बळकट आहेत, तिथे सरकारी आदेशापेक्षा संस्थेचा ठराव लवकर पाळला जातो.

लांबीचा नियम २०२३ मध्ये आला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून राज्याने ५४ जातींची किमान कायदेशीर लांबी ठरवली. पापलेट १३५ मिमी, हलवा १७०, बोंबील १८०, बांगडा १४०, सुरमई ३७०. त्याच वर्षी चंदेरी पापलेट राज्यमासा म्हणून घोषित झाला. या मागणीत पालघरमधल्या सातपाटीचा मोठा वाटा होता आणि तो असायलाच हवा, कारण पापलेट लहान होत गेल्याचे सर्वांत आधी तिथल्याच ताजव्यांनी पाहिले.

१३५ मिमी म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर, हाताच्या पंजात मावेल एवढाच मासा. ही खालची मर्यादा आहे. ‘एवढे झाले की पकडा’ असा सल्ला त्यातून काढू नये.

लांबी मोजण्याच्या रीती तीन-चार आहेत आणि चूक इथेच जास्त होते. पूर्ण लांबी म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत. द्विभागी लांबी म्हणजे तोंडापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. पापलेटच्या शेपटीची लांब टोके बर्फात आणि टपात मोडतात, म्हणून अशा माशाला खाचेपर्यंतचे माप भरवशाचे. माकूळ (स्क्विड) मोजताना फक्त पाठीकडचे अंग धरतात, सोंडा धरत नाहीत. खेकड्याच्या कवचाची रुंदी घेतात. तक्त्यात त्या जातीपुढे कोणते माप लिहिले आहे ते आधी पाहावे, मग पट्टी लावावी. बोंबील मऊ असतो, दोन्ही टोकांना धरून ताणला तर सेंटिमीटरभर सहज वाढतो. तो सपाट फळीवर ठेवायचा, तोंड आडव्या पट्टीला टेकवायचे आणि न ओढता वाचायचे. टपातला नमुना घेताना वरचा थर सोडावा. मोठी मासळी वर मांडायची रीत सगळ्याच बाजारांत आहे. टप रिकामा करून, मासळी कालवून, मग मूठभर उचलली तर खरे चित्र दिसते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणावीशी वाटते. लांबीचा नियम एकट्याने एकही पिल्लू वाचवत नाही. ट्रॉलमधून वर आलेले पिल्लू मेलेलेच असते. ते पाण्यात परत टाकले की दंड चुकतो, मासा वाचत नाही. मासा वाचतो तो आसातून, आणि पट्टी कामाची ती आस खरोखर पाळला गेला का हे धक्क्यावर ओळखण्यासाठी. ज्या नौकेच्या टपात निम्मी मासळी मर्यादेखालची आहे, तिची खोळ उलटी करून पाहायलाच हवी. दोन्ही नियम एकत्र तपासले तरच त्यांना अर्थ आहे. आणि बारीक मासळी फिशमीलच्या (माशांची पूड करणाऱ्या) कारखान्यात वजनावर विकली जाते तोवर बारीक आस वापरण्याला पैशाचे बळ मिळत राहणार, हेही तितकेच खरे.

पावसाळी बंदीबद्दल थोडक्यात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. पूर्वी राज्यात १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतले जे आधी येईल ते, अशी रीत होती आणि आजही पुष्कळ गावे मनाने तीच पाळतात. बंदी यांत्रिक आणि इंजिन लावलेल्या नौकांना आहे. वल्ह्या-शिडाच्या बिगरयांत्रिक नौकांना मोकळीक आहे. केंद्र १२ मैलांपलीकडेही याच तारखांना बंदी लावते, त्यामुळे ‘आम्ही बाहेरच्या पाण्यात होतो’ ही सबब या दोन महिन्यांत चालत नाही. आणखी एक बाब नाखवांनी विसरू नये: बंदीत गेलेली नौका वादळात सापडली तर सरकारी नुकसानभरपाईचा हक्क जातो. बंदीच्या काळासाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत ४,५०० रुपये मिळतात, त्यातले १,५०० त्या मच्छीमाराने स्वतःच आधी भरलेले असतात. खलाशाच्या घराला दोन महिने बसवून ठेवण्यासाठी ही रक्कम तोकडी आहे आणि बंदी मनापासून पाळली जावी असे वाटत असेल तर ती वाढवावीच लागेल.

पर्ससीनवर ५ फेब्रुवारी २०१६ ची अधिसूचना लागू आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ती निघाली. हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, ठरवून दिलेल्या पट्ट्यांतच, आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे. १ जानेवारीपासून पुढच्या हंगामापर्यंत राज्याच्या हद्दीत पर्ससीन दिसले की वेगळा पुरावा लागत नाही, तारीखच पुरते.

एलईडीचे तसे नाही. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजी अनन्य आर्थिक क्षेत्रात दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग बंद केले, राज्यात तर ते बंद आहेच. म्हणजे १२ मैलांच्या अलीकडे किंवा पलीकडे, कुठेच ते कायदेशीर नाही. तरी चालते, कारण काम वाटून केले जाते. एक नौका जनित्र आणि दिवे घेऊन तासन्‌तास उभी राहते. उजेडाला प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गोळा होतात, त्यांच्यामागे बारीक मासळी, तिच्यामागे मोठी, माकूळ, गाभोळीची मासळी सगळी. मग दुसरी नौका येऊन जाळ्याचा वेढा घालते. पकडली जाते ती जाळ्याची नौका, आणि तिच्यावर दिवाच नसतो. म्हणून पंचनाम्यात दोन्ही नौकांची नोंदणी क्रमांकासकट जोडणी दाखवावी लागते. जनित्राची क्षमता, पाण्यात सोडायच्या दिव्यांच्या वायरीची लांबी, दिव्यांची संख्या, हे सगळे लिहावे. नौकेच्या रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठे जनित्र हा बोलका पुरावा आहे. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनारी जिल्ह्यांत ड्रोन सुरू केले. त्याच्या चित्रणात नौकेचा क्रमांक वाचता आला पाहिजे आणि वेळ-स्थळ उमटलेले असले पाहिजे. नुसता उजेडाचा गोळा दिसला तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी स्वतंत्र नियम काढले. यांत्रिक नौकांना आणि मोठ्या मोटारनौकांना १२ मैलांपलीकडे जायला प्रवेशपास लागतो, तो रिअलक्राफ्ट पोर्टलवर मिळतो. पारंपरिक बिगरयांत्रिक नौकांना तो नको. यामुळे सुरुवातीला सांगितलेला बहाणा थोडा अवघड झाला आहे: ‘मासळी बाहेरची आहे’ म्हणणाऱ्याला आता बाहेर जायचा पास दाखवावा लागेल.

कासव सुटका साधनाकडे आपल्याकडे अजून निर्यातदारांची कटकट म्हणून पाहिले जाते. अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले, ते याच कारणावरून. साधन तसे साधे आहे. खोळीच्या आधी तिरपी बसवलेली गजांची जाळी आणि तिच्यापाशी झडपेचे तोंड. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव जाळीवर आपटून तिरपे सरकत झडपेतून बाहेर पडते. अमेरिकी निकषात दोन गजांमधले अंतर ४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही आणि जाळीचा कोन ३० ते ५५ अंशांत असावा लागतो. कोन फार उभा झाला की कासव सरकत नाही, गजांवर दाबून राहते आणि कचराही तिथेच साचतो. फार आडवा झाला की कोळंबी झडपेतून निघून जाते आणि मग तांडेल चिडून झडप सुतळीने बांधून टाकतो. ‘साधन लावले की माल जातो’ ही तक्रार बहुतेक वेळा कोनाची असते. ओल्या जाळ्यात, भाराखाली कोन बदलतो. म्हणून दर थोड्या दिवसांनी जाळे टांगून तो मोजावा.

तरी कासव जाळ्यात आलेच आणि निपचित दिसले, तर ते मेले असे समजून पाण्यात लोटू नये. ते बुडेल. पोट खाली, मागची बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उंच, सावलीत, अंगावर ओले फडके, असे ठेवावे. पाणी निघून ते सावध व्हायला ४ तास लागू शकतात, कधी २४ तासही. सावध झाल्यावर इंजिन न्यूट्रलला टाकून, जाळे पाण्यात नसताना, अलगद सोडावे.

समुद्री कासवे आणि बहिरी मासा (व्हेल शार्क) वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. बहिरी जाळ्यात शिरला तर त्याला सोडवायचे म्हणजे जाळे कापायचे आणि कापलेल्या जाळ्याचा खर्च कोळ्याच्याच अंगावर. राज्याच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय खात्याबरोबर डिसेंबर २०१८ पासून यासाठी भरपाई सुरू केली, ती २५,००० रुपयांपर्यंत मिळते. सगळे अवलंबून असते ते पुराव्यावर, आणि पुरावा म्हणजे त्या घाईतले मोबाइलचे चित्रण. चित्रण न तोडता एकाच दमात घ्यावे: आधी नौकेचा नोंदणी क्रमांक, मग जाळ्यात अडकलेला प्राणी, मग कापणे, मग तो पोहत जाताना. एक खलाशी फक्त यासाठीच मोकळा ठेवावा. धक्क्यावर आल्यावर फाटलेले जाळे शिवायच्या आधी पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढावीत. जाळे शिवून झाले की नुकसान किती होते ते दाखवायला काही उरत नाही.